ठरवणारा इथला असावा

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लेथवर काम करायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी आमच्या भागात दोन मतं आहेत. एक असं, की आपला देश शेजारी देशांच्या महासंघातून बाहेर पडावा हे या शहरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट बोलला तो हा माणूस. दुसरं असं, की बाहेर पडल्यावर स्वतःच्याच गल्लीचा गळा कापला तोही हाच. गंमत म्हणजे ही दोन्ही मतं बहुतेक एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. मी दोन्ही वेळा तिथे होतो, म्हणून लिहितो आहे. जमेल की नाही ठाऊक नाही. पस्तीस वर्षं मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात स्टोअर सांभाळलं. तिथे जे लिहिलं ते सगळं रकान्यांत.

रेल्वेच्या मालधक्क्यामागे एक अरुंद गल्ली आहे. तिथे एकाला लागून एक अशी सहा दुकानं होती आणि प्रत्येकात एक लेथ. सगळ्यांचं काम एकच: पाण्याच्या नळांचे पितळी जोड, कोपरे, झडपा. गल्लीत शिरलं की आधी चपलेच्या तळव्याला पितळेचा कीस टोचायचा आणि मग कापणाऱ्या टूलवर सोडलेल्या तेलकट पाण्याचा वास यायचा. ताई म्हणायची, "यांचे शर्ट धुवायचे म्हणजे काटेरी झुडपाला आंघोळ घालायची."

दाजींच्या खिशात कायम आटे, म्हणजे जोड फिरवून बसवायच्या खाचा, मोजायचं गेज असे. पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्याला कंगव्यासारखे बारीक दात. कुठल्या पात्याचे दात आट्यांत नेमके बसतात ते पाहिलं की आट्याचं माप कळतं. त्यावरून त्यांचं नाव गेजमास्तर पडलं. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा अर्ध्या जेवणातून उठून मोरीतला ठिबकणारा नळ उघडून बसले. वडील ताईला म्हणाले, "जावई केलाय की प्लंबर?" दाजींनी मान वर न करता उत्तर दिलं, "जावई फुकट नाही येत, मामा. नळ मात्र फुकट होईल."

या कामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या देशात नळाचे आटे पिढ्यान्‌पिढ्या एका मापाचे होते. महासंघात गेल्यावर काही वर्षांनी तिकडून नियम आला, की आता सगळ्या देशांत आटा एकच, महासंघाचा. आपल्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, त्यांचा साठ. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आपला जोड त्यांच्या पाइपावर लावला तर दोन फेरे छान जातो, तिसऱ्याला अडतो. मग माणूस मोठा पाना आणतो आणि जोर करतो. मग तो बसतो. निदान बसला असं वाटतं.

नवीन इमारतींत महासंघाचा आटा सक्तीचा झाला. जुन्या घरांच्या दुरुस्तीपुरती आपल्या आट्याला सवलत राहिली, तीही तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळणारी. ती सहा दुकानं त्या सवलतीवर जगत होती. सवलत कधी बंद होणार, एवढाच एक प्रश्न गल्लीत होता. सरकार, निवडणुका, पेपरातले अग्रलेख हे सगळं त्या प्रश्नाच्या शेपटीला बांधलेलं.

दाजींच्या शेजारच्या दुकानात त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त होता. लेथवरून उतरलेल्या प्रत्येक नगावर तो फुंकर मारायचा, म्हणून त्याला फुंक्या म्हणत. चहावरही मारायचा, गार चहा असला तरी. दोघांच्या दुकानांमधल्या पायरीवर सकाळचा चहा व्हायचा आणि तिथेच दाजींची सभा भरायची.

एक दिवस मला नीट आठवतो. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई गल्लीच्या तोंडाशी राहत. त्या गळका नळ पिशवीत घालून आल्या. महासंघ सोडायच्या विरोधात गल्लीत येऊन बोलायची हिंमत असलेल्या त्या एकट्याच.

"गेजमास्तर, माझा नळ गळतोय आणि तुम्ही देश दुरुस्त करताय."

"बसा बाई. नळाला दहा मिनिटं लागतील. देशाला थोडा वेळ लागेल."

"देशाचं वॉरंटी कार्ड आणलंय का बाईंनी?" फुंक्या म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. शाळेतही करत असणार. "एवढे देश एका टेबलाशी बसतात, म्हणून इतकी वर्षं एकमेकांवर तोफा डागत नाहीत. हे तुमच्या आट्यापेक्षा मोठं नाही?"

"फार मोठं आहे," दाजी म्हणाले. "त्यासाठी रोज बसा. पण तोफा नकोत म्हणून माझ्या नळाचा आटा त्यांनी ठरवायचा, हा मधला रस्ता मला अजून कुणी दाखवलेला नाही."

"कुणीतरी ठरवायला हवंच ना?"

"हवं की. पण ज्यानं ठरवलं त्याला मला काढता यायला हवं. आपला नगरसेवक नालायक निघाला की आपण त्याला घरी बसवतो. बसवलाय की नाही?"

"दोनदा," फुंक्या म्हणाला. "दोन्ही वेळा त्याचा भाऊ आला."

"भाऊ आला तो आपण आणला. आटा ज्यानं बदलला त्याचं नाव सांगा, बाई. तुम्ही शिकलेल्या आहात. एक नाव सांगा, मी आजपासून गप्प बसतो."

बाईंनी पिशवीतला नळ पुढे केला. ते नाव मलाही सांगता आलं नसतं. दाजींनी त्यांचा नळ शिकंज्यात आवळला आणि काम करता करता बोलत राहिले. भाषण करण्याचा त्यांचा आवाज नव्हता. मोजमाप सांगावं तसं बोलत.

"आता हे चलन घ्या. सगळ्या देशांचं एक. म्हणजे दोन घरांना मिळून एकच नळ. वरच्या घरात आग लागली की नळ पूर्ण सोडतात, तेव्हा खालच्या घरात गुडघाभर पाणी साचतं. खालच्याला प्यायला पाणी नसतं तेव्हा वरच्याची बाग भिजलेली असते, म्हणून नळ बंद. कर्ज स्वस्त करायचं की महाग, हे त्यांच्याकडच्या कारखान्यांकडे बघून ठरतं. आपले बंद पडले तरी आवळणं चालूच. आणि नियम लिहायला कोण बसतं? ज्याच्याकडे चाचणीचं यंत्र आणि चार वकील आहेत तो. नियम जितका लांब तितका छोटा माणूस दमतो. मोठा दमत नाही, त्याला आवडतं."

"भाषण चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण बाहेर पडलात आणि तुम्हाला जोड तिकडे विकायचा असला, तर नियम तिकडचाच पाळावा लागेल. फरक इतकाच, की तो ठरताना टेबलाशी तुमचं कुणी नसेल."

दाजींनी हात थांबवला. खोटं बोलायचं असतं तर ती वेळ होती. ते म्हणाले, "खरं आहे. पाळावाही लागेल. पण पाळायचा की नाही हे आपण इथे बसून ठरवू. ठरवणारा इथला असावा, बाई. चुकायचं तर इथल्यानंच चुकावं."

"म्हणजे आपला आटा परत!" फुंक्यानं मांडीवर थाप मारली. पलीकडच्या दुकानांतूनही कुणीतरी "परत, परत" म्हणून ओरडलं आणि सगळे हसले.

 दाजींनी मात्र कप उचलला आणि उरलेला चहा संपवला. मला त्याच क्षणी काहीतरी खटकलं, असं लिहायला आवडलं असतं. पण मी तेव्हा बाईंच्या नळाकडे बघत होतो.

महासंघ सोडायचा की नाही यावर देशात मतदान ठरलं आणि पुढची दोन वर्षं दाजी शहरभर बोलत फिरले. गोदामांत, पतपेढीच्या हॉलमध्ये, बसस्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत. मोठमोठे पुढारी त्यांच्यानंतर बोलायचे आणि त्यांचीच वाक्यं, दोन घरं आणि एक नळ, जरा चढ्या आवाजात म्हणून टाळ्या घ्यायचे. दाजींना त्याचं काही वाटत नसे. प्रत्येक सभेत कुणीतरी कारागीर उठून विचारायचा, "आपला आटा परत येईल ना, मास्तर?" दाजींचं उत्तर ठरलेलं: "ते आपण ठरवू." लोक त्याचा अर्थ "हो" असा घ्यायचे. दाजींनी एकदाही "हो" म्हटलं नाही. एकदाही "तसं नव्हे" म्हटलं नाही.

आता माझ्याकडच्या वहीबद्दल लिहायला हवं. लिहावंसं वाटत नाही.

पाणीखात्यात गळतीची वही मी ठेवायचो. कुठे फुटलं, कधी, कुठला जोड, कुणाच्या शिक्क्याचा. प्रत्येक कारागीर आपल्या नगावर बारीक शिक्का ठोकतो. दाजींचा होता दोन रेघा आणि मध्ये टिंब. शहरात नवे पाइप वाढत गेले तसं वहीत एक चित्र उमटायला लागलं. आपला जोड आपल्या पाइपावर वर्षानुवर्षं टिकत होता. त्यांचा त्यांच्यावर टिकत होता. फुटत होते ते आपला जोड त्यांच्या पाइपावर जोरानं बसवलेला होता तिथे. आणि जुन्या घरांतही आता निम्मे पाइप नवे झाले होते. एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डाच्या छतातला असा जोड सुटला आणि आठ बायकांना अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी, पोरं छातीशी घेऊन जिना उतरावा लागला. कुणी दगावलं नाही. एक बाई जिन्यात घसरून हात मोडून बसली.

मी ते दाजींना सांगितलं. पुढच्या रविवारी ते स्टोअरमध्ये आले. चष्मा लावून सात वर्षांची वही पहिल्या पानापासून वाचली. दुपारचे तीन वाजले. मी दोनदा चहा विचारला, नको म्हणाले.

"माझ्या शिक्क्याचे किती?" त्यांनी विचारलं.

मी आधीच मोजून ठेवले होते. "एकतीस."

"इस्पितळातला?"

"फुंक्याचा."

ते बराच वेळ खिशातलं गेज उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "दोन्ही माप एका शहरात राहू शकत नाहीत, मेव्हणे. एक जायला हवं. आणि आता जमिनीखाली त्यांचंच जास्त आहे. आपलं परत आणायचं तर सगळं शहर खणावं लागेल."

"मग गल्लीत सांगाल?"

"मतदान होऊ दे. आत्ता सांगितलं तर लोक म्हणतील, मग बाहेर पडायचं कशाला? त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवायला माझ्याकडे वेळ नाही." वही मिटून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "कुणी मागितली तर द्या. मागितली नाही तर तुमचं काम तुम्ही करा."

कुणी मागितली नाही. मी माझं काम केलं.

त्याच वर्षी महासंघाची शेवटची योजना आली. छोट्या दुकानांना नव्या आट्यासाठी लेथचे गिअर, टूल आणि सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळणार होतं. एक अर्ज भरायचा, मुदत वर्षअखेरपर्यंत. हेडबाई स्वतः सहा अर्ज घेऊन गल्लीत आल्या. "मी भरून देते, तुम्ही फक्त सही करा." फुंक्यानं त्यांच्यादेखत अर्जानं लेथचं तेल पुसलं आणि म्हणाला, "कागद चांगला आहे बाई, तेल छान शोषतो. अजून पाठवायला सांगा त्यांना." गल्ली पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उरलेले अर्ज एकेकाच्या दुकानात ठेवले आणि गेल्या.

दाजींचा अर्ज घरी आला. ताईनं तो आरशाच्या मागे खोचून ठेवला आणि रोज एकदा आठवण केली. मी गेलो होतो त्या दिवशी तर जेवणच वाढेना.

"भरा की," ती म्हणाली. "आपलं माप राहिलं तर राहिलं. नाही राहिलं तर हात रिकामे नकोत. एवढा साधा हिशेब आहे."

"मी भरला तर गल्ली म्हणेल, याचाच याच्या बोलण्यावर विश्वास नाही."

"आहे का?"

"बोलण्यावर आहे."

"मग कशावर नाही ते त्यांना सांगा ना!"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. मुदत संपली तेव्हा सहा दुकानांपैकी एकानंही अर्ज भरलेला नव्हता. गल्लीचं म्हणणं, गेजमास्तरनं नाही भरला, म्हणजे त्याला आतली खबर असणार. दुसऱ्या कुठल्या गावातल्या कारागिरांनी अशी चूक केली नसती. आमच्यात मात्र एकाच्या खिशातल्या गेजवर पाच जणांचा विश्वास होता.

मतदान झालं. देश बाहेर पडला. आमच्या शहरानं भरभरून मत दिलं होतं. त्या दिवशी फुंक्यानं आपल्या मापाचा तळहाताएवढा जोड कापला, फुंकर मारली, चकाकी येईपर्यंत घासला आणि दुकानाच्या दारावर टांगला. दाजींच्या गळ्यात पडून रडला. मी त्याला त्याआधी किंवा नंतर कधी रडताना पाहिलं नाही.

दीड वर्षानं नवं मानक मंडळ स्थापन झालं, आपल्या देशाचं. नळांच्या आट्यांचा निर्णय पाच जणांच्या समितीकडे आला. त्यात कारागिरांचा एक प्रतिनिधी असणार होता. मतं मागवली, आणि आमच्या शहरासह आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या गल्ल्यांनी दाजींना निवडून दिलं. फुंक्यानं त्यांना स्वतःचा कोट दिला. खांद्यात जरा मोठा होत होता.

जायच्या आदल्या दिवशी दाजी म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही चला. वही घ्या."

"त्यांनी मागितली आहे?"

"मी मागतोय."

मंडळाची इमारत पूर्वी महासंघाच्या कचेरीची होती. पाट्या बदलल्या होत्या, खुर्च्या त्याच होत्या. अध्यक्ष एक इंजिनिअर बाई होत्या, चाळिशीच्या, सर्दीनं बेजार. बाकीचे तिघे, एक खात्याचा अधिकारी, एक कारखानदार आणि इस्पितळांकडून आलेले एक डॉक्टर, महासंघाचाच आटा कायम ठेवावा या मताचे होते. वही सगळ्यांपुढून फिरली. मला दोन प्रश्न विचारले, मी दोन्ही वेळा "होय" म्हणालो.

मग अध्यक्षबाई दाजींकडे वळल्या. "मंत्र्यांनी कारागिरांना शब्द दिलाय. तुमच्या प्रतिनिधीचा विरोध असेल तर जुन्या आट्याची सवलत आणखी दहा वर्षं चालू राहील. म्हणजे मत आमचं चौघांचं असलं तरी निर्णय तुमचा. काय लिहू?"

दाजींनी पंधरा मिनिटं मागितली. आम्ही मागच्या गॅलरीत गेलो. खाली सायकली लावायची जागा होती आणि एक शिपाई फडक्यानं त्या पुसत होता.

"दहा वर्षं पुरेशी आहेत," मी म्हणालो. मला वाटतं, आयुष्यात मी दाजींना दिलेला तो एकमेव सल्ला. "तोवर फुंक्याही म्हातारा होईल. सगळेच होतील. कुणाला काही कळायचं नाही."

"आणि दहा वर्षांत किती फुटतील? वहीवरून सांगा."

 तो हिशेब त्यांना माझ्याइतकाच येत होता.

"हा निर्णय तिकडून आला असता," दाजी म्हणाले, "तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि शांत झोपलो असतो. इतकी वर्षं काय म्हणत होतो मी? ठरवणारा इथला असावा. आता ठरवणारा मी आहे. बाहेर पडून मी हेच मागितलं होतं ना? मग मिळाल्याबरोबर पहिलं काम खोटं ठरवायचं करू?"

"गल्लीचं काय?"

"गल्लीला मी फसवलंय. ते झालंय. सही केली तरी झालंय आणि नाही केली तरी."

आत जाऊन त्यांनी सही केली. सवलत एक वर्षानं बंद. बदल्यात काही मागायचं त्यांना सुचलं नाही असं नव्हे. गिअर आणि प्रशिक्षणाची योजना आपल्या सरकारनं पुन्हा सुरू करावी असं त्यांनी मागितलं. अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. योजना आजवर आलेली नाही. ती का आली नाही हे विचारायला आता माणसांची नावं माहीत आहेत, पत्ते माहीत आहेत. दाजींनी सतरा पत्रं लिहिली. चार उत्तरं आली, चारही अतिशय नम्र.

गल्लीत बातमी आमच्या आधी पोहोचली होती. सहाही लेथ बंद होते, म्हणजे पाच मुद्दाम बंद ठेवलेले आणि सहावा दाजींचा. फुंक्या पायरीवर बसला होता. दाजींनी कोट काढून घडी करून त्याच्या शेजारी ठेवला.

"किती दिले?" फुंक्यानं विचारलं.

"तुला माहितीये, कुणी काही दिलेलं नाही."

"दिले असते तर बरं झालं असतं रे. मला समजलं असतं. गरज होती, घेतले. हे काय केलंस? फुकट केलंस?"

"इस्पितळातला जोड तुझा होता."

"माझ्या जोडाला काय झालं होतं? गाढवानं नव्या पाइपावर चढवला!"

"तेच. दोन मापं असली की कुणीतरी चढवणारच."

 फुंक्या हुशार माणूस होता, आमच्यापेक्षा हुशार. त्यानं मान वर केली. "हे तुला आज कळलं?"

दाजींनी कोटाची घडी पुन्हा सरळ केली.

"मी विचारतोय. आज कळलं, की मी अर्जानं तेल पुसलं तेव्हाही माहीत होतं?"

"माहीत होतं," दाजी म्हणाले.

"तू तिथे उभा होतास. हसलास."

"हो."

"बाहेर पडायचं म्हणून मी शंभर माणसांना तुझ्या नावानं शब्द दिला. मला तरी कानात सांगायचंस. मी कुणाला बोललो नसतो. गपचूप अर्ज भरला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू भरला असतास तर सगळ्यांनी भरला असता."

दाजींनी हे मुद्दाम दुखवायला म्हटलं नव्हतं. विचारलं तेव्हा खरं सांगायची त्यांना सवय होती. विचारेपर्यंत गप्प बसायचीही होती. फुंक्या उठला, दारावरचा जोड काढला, कोटाच्या खिशात कोंबला आणि दुकानाचं शटर ओढलं. मग माझ्याकडे वळला.

"आणि स्टोअरवाले, वही तुमचीच ना?"

वही माझ्या काखेतच होती.

वर्षभरात गल्ली बंद झाली. दोन दुकानांत आता टायर ठेवतात. एकात कपडे इस्त्रीला घेतात. दाजींनी लेथचे गिअर स्वतः कापून बसवले आणि पुस्तकात बघून नवा आटा शिकले. मंडळाच्या तपासणीत त्यांचा जोड पहिल्या फटक्यात पास झाला. पण कुठलाही दुकानदार तो घेईना. कारागिरांची माणसं सगळीकडे होती आणि सगळ्यांना दोन रेघा नि टिंबाचा शिक्का ओळखता येत होता. मी त्यांना म्हटलं, शिक्का बदला. ते म्हणाले, "आणि कुणाचा मारू?" हेडबाईंनी घरातले सगळे नळ त्यांच्याकडून बदलून घेतले, एकही गळत नसताना. त्यावर दाजी वैतागले, पण बदलले.

शेवटच्या आजारात, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्यांचा माझ्याशी एकदाच या विषयावर बोलायचा मूड होता. मी विचारलं, "पुन्हा मतदान झालं तर?"

"बाहेर पडायचं. हेडबाईंना मी जे सांगितलं त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही."

"आणि सही?"

"तीही करायची."

"मग चुकलं काय?"

"लोकांना मत मागायचं तर सगळं सांगून मागायला हवं होतं. मी निम्मं सांगितलं. तिकडचेही तेच करायचे." मग म्हणाले, "तुमच्या ताईला सांगू नका, ती आधीच म्हणाली होती."

मला राजकारणातलं फार कळत नाही. दाजींचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. ज्याला काढता येत नाही त्याच्या हाती आपलं काम देऊ नये. पण ती पायरी, ते हसणं आणि आरशामागचा कागद आठवला की मला त्या म्हणण्याचा अभिमान वाटत नाही. कदाचित वाटायला हवा. मी चुकत असेन.

फुंक्या आता शहराबाहेरच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहे. तिथे महासंघाच्या मापाचे जोड यंत्रावर बनतात, मिनिटाला चाळीस. ताईनं घर बदललं, तिच्याकडे जायचा रस्ता त्या फाटकावरून जातो. मी दिसलो की तो खुर्चीतून उठतो. त्याचा आणि रस्त्यानं जाणाऱ्यांचा काही संबंध नसतो, तरी मला हात करून थांबवतो आणि पिशवी उघडायला सांगतो.

"वही नाही ना आत?"

"नाही."

"दाखवा."

मी पिशवी उघडून धरतो. भाजी असते, ताईची औषधं असतात. तो वाकून नीट बघतो, तळापर्यंत.

"जा," म्हणतो.